पिळाच्या गोत्राचा नवरा

एका जंगलात, मुलांनो, लग्नं पत्रिका बघून लागत नव्हती. शब्द बघून लागायची. आणि शब्द कसले? इंग्रजी!

म्हणजे कसं, सांगतो. समजा तुम्ही मोर आहात. मोराला इंग्रजीत काय म्हणतात? पीकॉक. मग हा पीकॉक शब्द आला कुठून, त्याचं मूळ काय, त्याचे चुलते कोण, आत्ते-मामेभाऊ कोण, हे सगळं खणून काढायचं. तेच नवरीच्या शब्दाचं. दोन्ही शब्दांचं मूळ एकच निघालं की संपलं! सगोत्र! भाऊ-बहीण! लग्न कॅन्सल!

आणि हे खणणार कोण? करकोचेगुरुजी.

गुरुजी हिवाळ्यात तळ्यावर यायचे आणि उन्हं तापली की परदेशी जायचे. कुठे? मंगोलियाला. मंगोलियात इंग्रजी कुठून शिकले, असं कुणी म्हणजे कुणीच विचारलं नाही. फॉरेन ते फॉरेन.

सुरुवातीला एका अस्वलाने जरा कुरकुर केली होती. "पण आमच्या लग्नात तुमचा काय संबंध?"

"माझा काय संबंध?" गुरुजींनी मान लांब केली. "अरे, वंशावळीला इंग्रजीत म्हणतात पेडिग्री. हा शब्द आला फ्रेंचमधून. आणि त्याचा मूळ अर्थ काय माहितेय? करकोच्याचा पाय! जुने लोक बापाच्या नावाखाली मुलांच्या नावांकडे रेघा ओढायचे. ती आकृती दिसली माझ्या पायासारखी. म्हणजे वंशावळ या शब्दातच माझा पाय आहे. आता बोल!"

अस्वल त्याच पाया पडलं.

तेव्हापासून तो पाय म्हणजे शिक्का. गुरुजी ओल्या मातीच्या गोळ्यावर पाय दाबायचे, बोटं उमटायची, आणि लग्न पक्कं. शिक्का बसला की बसला. सिंहालासुद्धा तो पुसता यायचा नाही.

आता मोराला लांडोर मिळेना. पीकॉक आणि पीहेन! दोन्हीकडे 'पी'! सख्खी भावंडं! मग मोराला दिली म्हैस. म्हैस स्वभावाने चांगली होती हो. पण मोराने पिसारा फुलवला की ती त्याच्याकडे वैरण बघावी तशी बघायची. कोल्ह्याची बायको पाणकोंबडी. "संसार चांगला चाललाय," कोल्हा सांगायचा, "रोज स्वतःला आवरतो, बाकी काही नाही."

तुम्ही आता विचाराल, मग यांना पिल्लं कशी...? गप्प बसा. ही लहान मुलांची गोष्ट आहे.

तर अशा त्या जंगलात धोंडू नावाचं एक कासव होतं. जमिनीवरचं. वय साठ, म्हणजे कासवात नुकती मिसरूड फुटलेली. त्याला आईवडील नव्हते. गोदाआत्याने वाढवलं होतं. आत्याची पाठ कढईएवढी आणि आवाज ढोलाएवढा.

आणि धोंडूचं प्रेम होतं कमळजावर. कमळजा तळ्यातली पाणकासवी. ती पाण्यात, हा काठावर. ती संध्याकाळी वर यायची, हा दुपारीच निघायचा म्हणजे वेळेवर पोचायचा. मग दोघं शेजारी शेजारी बसायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. कासवांचं प्रेम असंच असतं. फार घाई नसते.

पण लग्नाची मात्र आता घाई झाली होती, कारण उन्हं तापायला लागली होती. गुरुजी उडाले की पुढच्या हिवाळ्यापर्यंत शिक्का नाही.

धोंडूला तशी काळजी नव्हती. खरं सांगायचं तर तो मनातल्या मनात उड्या मारत होता. कारण बघा ना! अख्ख्या जंगलात सारखी दिसणारी दोनच माणसं... आपलं, दोनच जनावरं अशी होती, ज्यांचे इंग्रजी शब्द वेगळे होते. तो टॉर्टॉइज. ती टर्टल. दोघांना कवच, दोघांना चार पाय, दोघांची मान आत जाते, आणि तरी शब्द वेगळे!

"आत्या, मला माझ्यासारखीच बायको मिळणार," धोंडू म्हणाला.

"जास्त हुरळून जाऊ नकोस. दृष्ट लागते," आत्या म्हणाली आणि स्वतःच सगळ्या तळ्याला ओरडून सांगून आली.

तिघं गुरुजींकडे गेली. गुरुजी एका पायावर उभे होते. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. धोंडूला वाटलं झोपले.

"टॉर्टॉइज," गुरुजी एकदम म्हणाले. "लॅटिनमध्ये टॉर्टस म्हणजे पिळलेलं, वाकडं. पाय बघ तुझे."

धोंडूने मान वाकवून पाय बघितले. "जरा फेंगडे आहेत," तो कबूल झाला.

"पण प्रेमळ आहेत," कमळजा म्हणाली.

"पायांना स्वभाव नसतो, मुली. मूळ असतं. आता टर्टल. फ्रेंचमध्ये कासवाला म्हणतात टॉर्त्यू. तेही त्याच पिळातलं. इंग्रज खलाशांच्या तोंडात तो शब्द काही बसेना. मग त्यांनी त्याला होला म्हणतात त्या पक्ष्याच्या नावाशी जुळवून टाकलं. होल्याला टर्टलच म्हणायचे ना! वरचं रूप बदललं. आत पीळ तोच!" गुरुजींनी डोळे उघडले. "सगोत्र. भाऊ-बहीण. पुढचे कोण?"

धोंडूची मान आपोआप आत गेली. बाहेर फक्त आवाज आला. "नक्की का हो, गुरुजी?"

"विद्वानांत मतभेद आहेत."

"मग?" मान थोडी बाहेर आली.

"मी विद्वान आहे, आणि माझं माझ्याशी एकमत आहे."

मान परत आत.

आत्या मात्र ऐकणारी नव्हती. "अहो, पीळ पीळ काय लावलंय! कोण असतात त्या पिळात? आम्हाला कळू तरी द्या, भाऊबंद कोण आहेत आमचे!"

गुरुजींना असा प्रश्न फार आवडायचा. "जंगलात मोठी गोत्रं दोन. एक पिळाचं, एक रेघेचं. तुम्ही पिळाचे. तुमच्यात टॉर्चर येतो. छळ. हातपाय पिरगाळायचे ना पूर्वी, त्यावरून. टॉर्च येतो. मशालीसाठी पीळ देऊन काकडा करायचे, त्यावरून. शिवाय राँग. चूक. म्हणजे मुळात वाकडं. तो थोडा लांबचा आहे, पण पिळाचाच."

"म्हणजे आमच्या घराण्यात छळ, मशाल आणि चूक?"

"मशाल चांगली आहे," गुरुजी म्हणाले.

"आणि रेघेवाले?"

"फार खानदानी. लाइन, म्हणजे जवसाच्या झाडाचं सूत. प्रोफाइल, म्हणजे सूत धरून ओढावी तशी कडेची रेघ. सिल्हूट, ते काळं सावलीचं चित्र. ते मुळात एका फ्रेंच खजिनामंत्र्याचं आडनाव होतं. फार काटकसरी माणूस, म्हणतात. आणि हो!" गुरुजींनी चोच उचलली. "खार! स्क्विरल! ग्रीकमध्ये सावली-शेपटी. स्वतःच्याच शेपटीच्या सावलीत बसणारी! सावली म्हणजे कड, कड म्हणजे रेघ. पिळाचा नवरा, रेघेची नवरी. धोंडू, तुझं स्थळ मिळालं!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत पाय चिखलात दाबला. फच्च.

"शनिवारी बघण्याचा कार्यक्रम, रविवारी साखरपुडा, सोमवारी लग्न. मंगळवारी मी उडतोय," गुरुजी म्हणाले.

कमळजा पाण्यात गेली. ती बुडाली तिथे बराच वेळ बुडबुडे येत राहिले, आणि धोंडू ते बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक गांडूळ उभं. आडवं, पण मनाने उभं.

"राम राम, धोंडूदादा! आमच्या वर्म या शब्दाच्या मुळातपण वळणच आहे म्हणे. म्हणजे आपण भाऊबंद! लग्नात मानपान काय आहे?"

"आधी लग्न मोडायचं बघतोय मी," धोंडू म्हणाला.

"मोडलं तर मोडायचा मानपान?"

आत्याने त्याला ओल्या मातीत वाट दाखवली.

शनिवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. खारीचं नाव भिंगरी. ती आणि तिची आई, तुरतुरेकाकू, उंच जांभळीवर राहायच्या. कासवांना वर येता येणार नाही म्हणून कार्यक्रम बुंध्याशी ठेवला होता. कांदेपोहे होते. तुरतुरेकाकूंनी बशी पुढे केली, धोंडूने मान बाहेर काढली, आणि तेवढ्यात भिंगरीने सगळ्या बशांतले शेंगदाणे वेचून खाल्ले, झाडावर गेली, पाणी प्यायली, खाली आली आणि विचारलं, "तुमचे छंद काय?"

"मी..." धोंडू म्हणाला.

भिंगरी परत वर जाऊन आली.

"...उन्हात बसतो," धोंडू म्हणाला.

"आई गं!" भिंगरी किंचाळली. "आई, मी याच्याबरोबर म्हातारी होईन! आणि हा होणारच नाही!"

"हळू बोल, ऐकतायत ते!"

"ऐकेपर्यंत संध्याकाळ होईल!"

धोंडूने ऐकलं होतं. त्याला वाईट मुळीच वाटलं नाही. उलट बशीतला पहिला पोहा गोड लागला. "भिंगरीताई," तो म्हणाला, आणि ताई म्हटल्याबरोबर ती जागच्या जागी थांबली, "मलाही नाही करायचंय हे लग्न. माझं कमळजावर प्रेम आहे."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगतच होतो."

झालं! भिंगरीने शेपटी वर केली आणि सगळ्या जंगलाला हाका मारत सुटली. रविवारी साखरपुड्याला पंचायत भरली. सिंह खडकावर बसला. गुरुजी मधोमध, एका पायावर. कमळजा काठावर येऊन बसली, निम्मी पाण्यात.

"हे लग्न आम्हाला मान्य नाही!" भिंगरी ओरडली.

"शिक्का बसलाय," सिंह म्हणाला. तो हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणायचा.

"अहो गुरुजी, रेघेचं आणि पिळाचं गोत्र वेगळं, हे तरी नक्की का?" आत्याने विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं हं. ती नुसती वेळ काढत होती.

"शंभर टक्के! रेघेचे शब्द म्हणजे कसे सरळ! लाइन घ्या, प्रोफाइल घ्या, काँटूर घ्या. काँटूर म्हणजे कडेकडेची रेघ. डोंगराच्या नकाशावर असते ना, ती. अतिशय देखणा शब्द. इटलीहून फ्रान्समार्गे आला. मूळ लॅटिन. लाकूड फिरवून कातायचं जे यंत्र असतं, लेथ, त्यावर गरगर वळवून..."

गुरुजी थांबले.

"वळवून?" आत्या म्हणाली.

"नाही म्हणजे..."

"काय वळवून?"

"घेतलेलं... वळण," गुरुजी अगदी हळू म्हणाले.

सगळ्या माना गुरुजींकडे वळल्या. 

"म्हणजे रेघ वळणातून निघाली," आत्या एकेक शब्द मोजून म्हणाली. "वळण पिळाचं. म्हणजे रेघेवाले आणि पिळवाले सगळे एकाच गोत्राचे!"

धोंडूचं काळीज कवचावर धडधडायला लागलं. बाहेर ऐकू येत होतं, टक टक टक. पंचायतीत नुसता गलका उठला. आजवर गुरुजींनी लावलेली निम्मी लग्नं पीळ-रेघ, पीळ-रेघ बघूनच तर लावली होती!

"म्हणजे आमचं लग्न मोडलं?" मोर उठून उभा राहिला. त्याचे डोळे चमकत होते. "मी सुटलो?"

"खाली बसा," म्हैस म्हणाली.

मोर खाली बसला.

"महाराज, म्हणजे ही सगळी पद्धतच चूक आहे!" धोंडू मान पूर्ण बाहेर काढून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो एवढ्या मोठ्याने बोलला होता. "ज्याला जी आवडते तिच्याशी त्याने लग्न करावं. शब्द गेला खड्ड्यात!"

सिंहाने विचार केला. कोल्ह्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. सिंहाने आणखी विचार केला. मुलांनो, तुम्हाला वाटत असेल, आता पद्धत बंद होणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण जंगल आपल्यापेक्षा हुशार असतं.

"पंचायतीचा निकाल," सिंह गरजला. "काँटूर या शब्दाला वाळीत टाकण्यात येत आहे! आजपासून त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याला कुणी पाणी द्यायचं नाही. त्याच्या घरचं कुणी जेवायचं नाही."

"त्याचं घर कुठाय?" गांडुळाने विचारलं.

"इटलीत," गुरुजी घाईघाईने म्हणाले. त्यांचा रंग परत आला होता. "इथे त्याचं कुणी नाही. फार आगाऊ शब्द होता तसा."

"बाकी सगळं होतं तसं," सिंह म्हणाला. "उद्या लग्न."

धोंडूची मान आत गेली. पायही गेले. तिथे आता फक्त एक दगड होता.

कमळजा पाण्यातून बाहेर आली. अख्खी जमीन ओलांडून, सगळ्यांसमोर, त्या दगडापाशी येऊन बसली. नेहमीसारखी. काहीच न बोलता.

हे बघून तुरतुरेकाकूंनी शेपटीने डोळे पुसले. आणि गोदाआत्या एकदम ताठ झाली.

"थांबा हो! आमच्या मावशीच्या वेळेला असंच झालं होतं. साधं, आपलं मराठीतलं सगोत्र. तेव्हा काय केलं? मुलीला दुसऱ्या गोत्रात दत्तक दिलं! गोत्र बदललं, लग्न लागलं. गुरुजी, चालतं की नाही?"

गुरुजींनी डोळे मिटले. मंगळवारचं उड्डाण डोळ्यांसमोर आलं असावं. "दत्तक चालतं," ते म्हणाले. "शिक्का रेघेच्या नवरीचा आहे. कुठल्या, ते त्यावर लिहिलेलं नाही."

"आई!" भिंगरीने आईची शेपटी ओढली. "आई, हिला दत्तक घे ना! घे ना गं! मला बहीण पाहिजेच होती!"

"अगं पण..." तुरतुरेकाकू पाच वर्षांच्या होत्या. कमळजा पन्नाशीची. "ठीक आहे. पदरी घेते. काय करायचं असतं?"

"मांडीवर बसवायचं," आत्या म्हणाली. "लेकरू मांडीवर बसल्याशिवाय दत्तक होत नाही."

आता काकूंची मांडी, मुलांनो, चिंचोक्याएवढी.

काकू बुंध्याला टेकून बसल्या, पाय पसरले आणि धीराने म्हणाल्या, "ये बाळ." कमळजा म्हणाली, "काकू, मी हळूच बसते हं." आणि ती हळूच बसली. हळूच म्हणजे किती, तर काकूंना तेवढ्या वेळात भीती वाटून जाऊन परत भीती वाटली. मग काकू दिसेनाशा झाल्या. दिसत होती फक्त कमळजा, आणि तिच्याखालून बाहेर आलेली एक झुबकेदार शेपटी.

"घेतली! घेतली!" खालून आवाज आला. "घेतली दत्तक! माझीच लेक! आता उठवा माझ्या लेकीला!"

"मंत्र बाकी आहे," गुरुजी म्हणाले.

"मंत्र नंतर म्हणा हो!"

फच्च. शिक्का बसला. कमळजा पाणकासवी त्या क्षणापासून गोत्राने खार झाली. म्हशीने शिंगाने अलगद तिला उचललं. काकू खालून निघाल्या त्या पापडासारख्या. पण हसत होत्या. "वजनदार लेक आहे माझी," त्या सगळ्यांना सांगत होत्या.

सोमवारी लग्न लागलं. रेघेची नवरी कमळजा, पिळाचा नवरा धोंडू. कन्यादान काकूंनी केलं. मंगलाष्टकं संपत आली तरी धोंडूची मान बाहेर यायचीच होती, म्हणून शेवटचं कडवं सगळ्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. गांडुळाला मानपान मिळाला, एक ओलं पान. गुरुजी मंगळवारी उडाले. आणि धोंडू-कमळजा तळ्याच्या काठावर शेजारी शेजारी बसायला लागले. काही न बोलता. सुखात.

इथे गोष्ट संपली असती. पण दिवाळी आली.

पहिला दिवाळसण! जावई सासुरवाडीला नको जायला? आणि सासुरवाडी कुठे? जांभळीच्या शेंड्यावर!

"आपण खालीच करू की दिवाळी," धोंडू म्हणाला.

"पंचायत काय म्हणेल?" सिंह म्हणाला. "दत्तक खरं असेल तर माहेर खरं. माहेर खरं असेल तर दिवाळसण वरच. नाहीतर दत्तक खोटं, आणि तुम्ही परत भाऊ-बहीण."

मग सगळं जंगल कामाला लागलं. माकडांनी वेली वळल्या, सुगरणींनी टोपली विणली, म्हैस दोर ओढायला उभी राहिली, मोर 'हां, ओढा' म्हणायला. दर वर्षी लागणारच म्हणून अस्वलाने बुंध्याला पायऱ्यासुद्धा कोरून ठेवल्या. एवढी मेहनत त्या जंगलाने तळ्याचा बांध फुटला तेव्हाही केली नव्हती.

टोपली निम्म्यात पोचली आणि गिरक्या घ्यायला लागली. धोंडूने डोळे घट्ट मिटले.

"कमळजे," तो म्हणाला, "आपण जिंकलो ना गं?"

"लग्न झालं ना आपलं?"

"झालं."

"मग खाली बघू नकोस."

वरून भिंगरीने फांदीतून डोकं काढलं. "भावोजी, चला की पटपट! उटणं वाळलं, आंघोळीचं पाणी गार झालं! आणि आई विचारतेय, लेक मांडीवर बसणार आहे की पाटावर?"

"पाटावर!" खालून सगळं जंगल एका सुरात ओरडलं.

तात्पर्य: एखादी रूढी वेडगळ आहे असं सगळ्यांना कळलं, तरी ती मोडायला जाऊ नये. त्यात फार वाद होतात. त्यापेक्षा तिला एक टोपली बांधून द्यावी, दोर ओढायला एक म्हैस नेमावी आणि आयुष्यभर तिच्यात बसून वर-खाली करावं. संसार सुखाचा होतो. फक्त खाली बघू नये.